पोथीचे बासन आणि मुलांचे पुस्तक

ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांतून इतिहास म्हणून जे लिहिले जाते ते बहुधा वंशावळींचे, वतनांचे, स्थलांतरांचे आणि कुलदैवतांचे असते. ते लेखन अगत्याचे आहे याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांतून चालत आलेली आणखीही एक मिळकत आहे, आणि तिची नोंद कोणत्याही वंशावळीत सापडत नाही. ती मिळकत म्हणजे घरात वाचली व ऐकली गेलेली पुस्तके होत. पणजोबांच्या नावावर किती बिघे जमीन होती हे सांगणारे कागद आपण जपून ठेवतो. पणजीने चातुर्मासात कोणती पोथी ऐकली, हे मात्र तिच्याबरोबरच जाते.

चार कुटुंबे एकत्र जमली आणि लहानपणच्या वाचनाचा विषय निघाला म्हणजे एक गोष्ट आमच्या ध्यानात येते. ऐंशीच्या घरातील मंडळी ‘आनंद’ मासिकाचे आणि ‘श्यामची आई’चे नाव घेतात, साठीतील मंडळी ‘किशोर’, ‘चांदोबा’ आणि फास्टर फेणे यांच्या आठवणीत रमतात, आणि अगदी वडील माणसे असली तर ‘पांडवप्रताप’ किंवा ‘हरिविजय’ यांच्यापर्यंत मजल जाते. पुस्तकांची नावे पिढीगणिक बदलतात. परंतु नुसते पुस्तक सहसा कोणालाच आठवत नाही. ते कोणी वाचून दाखविले, कोणाच्या हातून मिळाले, कोणाशी त्यावरून भांडण झाले, हेही त्याबरोबर आठवते. मराठी वाङ्मयाचा इतिहास ग्रंथांच्या व ग्रंथकारांच्या क्रमाने पुष्कळांनी लिहिला आहे. आम्हांस येथे त्याची दुसरी बाजू पाहावयाची आहे. पुस्तक एकाने वाचावयाचे व अनेकांनी ऐकावयाचे, ही आपल्याकडील जुनी रीत होय. आणि आपल्या घरांतील आवडती पुस्तके टिकली ती मुख्यतः या रीतीमुळे, असे आमचे मत आहे.

या मताचा सर्वांत जुना पुरावा एका चिमुकल्या गोष्टीत मिळतो. कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे घर मेणाचे, ही कथा ज्याने ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. ही कथा महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’त आलेली आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून हा ग्रंथ सिद्ध केला, आणि त्यात स्वामी लहान मुलांना ही कथा सांगतात असा प्रसंग आहे. तेथे चिमणीच्या जागी साळई आहे एवढाच फरक. पाऊस, वाहून जाणारे शेणाचे घर आणि दार उघडण्यासाठी केलेली विनवणी, हे सारे आपल्या ओळखीचेच आहे. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून ठेवले. पंथाबाहेरच्या माणसास ते शतकानुशतके वाचता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दोन दशकांत इतिहासाचार्य राजवाडे, विनायक लक्ष्मण भावे आदी संशोधकांनी त्या लिपीची उकल केली, आणि मग हे भांडार इतरांसाठी उघडले. म्हणजे कित्येक शतके ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद होता. आणि त्याच काळात ती गोष्ट मात्र घराघरांतून मुलांना भरवताना सांगितली जात होती. सांगणाऱ्या आयांना व आज्यांना ‘लीळाचरित्र’ हे नावही ठाऊक नव्हते. त्यांना ते ठाऊक असण्याची आवश्यकताही नव्हती.

आता पोथीकडे वळू. मराठी मुलांसाठी लिहिणारा पहिला लेखक कोण, असा प्रश्न परीक्षेत आला तर विद्यार्थी सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे नाव लिहील, आणि त्याला पूर्ण गुण मिळतील. आम्ही मात्र त्या जागी श्रीधरस्वामी नाझरेकर यांचे नाव घालू. श्रीधरांचा जन्म १६५८चा व मृत्यू १७२९चा. वास्तव्य पंढरपुरी. त्यांचा ‘हरिविजय’ १७०२ साली पुरा झाला, ‘रामविजय’ १७०३ साली, ‘पांडवप्रताप’ १७१२ साली आणि ‘शिवलीलामृत’ १७१८ साली. यांपैकी एकही ग्रंथ त्यांनी मुलांसाठी म्हणून लिहिलेला नाही. परंतु मुलांनी ते आपलेसे केले. वाङ्मयाच्या तराजूत पंडित मंडळी श्रीधरांना मुक्तेश्वर व मोरोपंत यांच्याहून हलके धरतात. त्यांच्या ओवीत सफाई आहे पण खोली नाही, असा तो आक्षेप असतो. असेलही. पण मोरोपंतांची आर्या कळण्यासाठी अन्वय लावावा लागतो, आणि अन्वय लागेपर्यंत आठ वर्षांचा मुलगा झोपी जातो. श्रीधरांचा भीम बकासुराच्या वाट्याचे अन्न खाऊ लागला म्हणजे तोच मुलगा उठून बसतो. गोकुळातील खोड्या, हनुमंताची लंकेतील उडी, अभिमन्यूचा वध, या साऱ्या प्रसंगी श्रोत्याला काय हवे असते हे श्रीधरांना नेमके कळत होते. सोपी ओवी, लगोलग येणारा प्रसंग, आणि रात्र फार होण्यापूर्वी संपणारा अध्याय, असे हे रचनाशास्त्र आहे. ‘पांडवप्रतापा’चे ६४ अध्याय, ‘रामविजया’चे ४० आणि ‘हरिविजया’चे ३६, रोज एक वाचला तर चातुर्मासात एखादा ग्रंथ निश्चिंतपणे पुरा होतो.

या वाचनाची पद्धती सांगून ठेवणे जरूर आहे, कारण ती पाहिलेली माणसे आता थोडी उरली. लांबट, सुट्या पानांची पोथी लाकडी फळ्यांत धरून वर बासन गुंडाळलेले असे. सायंकाळी दिवा लागल्यावर पाटावर ती उघडली जाई. गावोगाव मारुतीच्या देवळात किंवा चावडीतही हेच चाले. एकाने ओवी म्हणावयाची व दुसऱ्याने तिचा अर्थ उलगडून सांगावयाचा. शेतावरून आलेली माणसे, माहेरवाशिणी, आजूबाजूची मुले, सर्व तेथे असत. वाचणारा कोण, तर ज्याला अक्षर लागे तो. पुष्कळ घरांत हा मान शाळेत जाणाऱ्या मुलाकडे येई. आजी ऐके, नातू वाची. आजीला अक्षर येत नसे, पण नातू अडखळला तर पुढचा शब्द तीच सांगे. हे कसे घडे, तर तिने तो अध्याय आयुष्यात वीस वेळा ऐकलेला असे. अशा आजीस निरक्षर म्हणावे की काय, हा प्रश्न जनगणनेच्या कारकुनाला पडला नसेल, आम्हांस पडतो. समाप्तीच्या दिवशी पोथीची पूजा होई, प्रसाद वाटला जाई, आणि पुढच्या वर्षी तीच पोथी पुन्हा पहिल्या पानापासून निघे. कथा ठाऊक आहे म्हणून ऐकावयाची नाही, ही कल्पनाच त्या श्रोत्यांना नव्हती. लहान मुलेही तशीच असतात. तीच गोष्ट पुन्हा सांगा असा हट्ट धरतात आणि एक शब्द बदलला तरी चूक काढतात.

श्रीधरांच्या जोडीला दुसरे नाव घ्यावयाचे ते ताहराबादच्या महीपतींचे. त्यांनी १७६२ साली ‘भक्तविजय’ व १७७४ साली ‘भक्तलीलामृत’ पुरे केले. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ‘भक्तविजया’विषयी थोडे अधिक लिहिणे सयुक्तिक होईल. या एका ग्रंथात गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, नामदेव शिंपी, चोखामेळा आणि एकनाथ एकाच बासनात नांदतात. कोणत्याही ज्ञातीचे वाचक असले तरी पोथी हाती पडताच प्रथम आपल्या ज्ञातीच्या संताचा अध्याय शोधतात, ही मौज आम्ही अनेक घरांत पाहिली आहे. यात वावगे काही नाही. परंतु महीपतींची रचना अशी आहे की आपला अध्याय वाचावयास बसलेल्या माणसाने पोथी पुरी केली तर शेजाऱ्याचाही अध्याय वाचल्यावाचून त्याची सुटका होत नाही. पुढे ज्ञातिज्ञातींनी आपापल्या संतांची स्वतंत्र चरित्रे छापली. ती उपयुक्त आहेत, तथापि त्यांत शेजाऱ्याचा अध्याय नसतो.

येथे एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. श्रवणाचे वर्तुळ मोठे होते, पण सर्वांसाठी ते सारखे खुले नव्हते. चोखोबांची कथा देवळात वाचली जाई आणि चोखोबांच्या वंशजांना त्याच देवळाच्या पायरीबाहेर उभे राहावे लागे. अक्षराचे दार तर याहूनही घट्ट लावलेले होते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मातंग मुलीने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही त्यांनी आपला धर्म कोणता समजावा, असा सरळ प्रश्न त्या चौदा वर्षांच्या आसपासच्या मुलीने त्यात विचारला होता. मराठीत एखाद्या विद्यार्थिनीने लिहिलेल्या मजकुराचा आरंभ अशा प्रश्नाने व्हावा, हे त्या काळाच्या आवडत्या पुस्तकांविषयी बोलताना विसरता येत नाही. वरच्या मानलेल्या घरांतही स्त्रीने पोथी ऐकणे पुण्याचे आणि तीच पोथी स्वतः वाचणे अमंगळाचे मानले जाई. रमाबाई रानडे १८७३ साली लग्न होऊन पुण्यास आल्या, न्यायमूर्तींनी त्यांना शिकविण्यास आरंभ केला, आणि घरातील वडील बायकांनी त्या शिक्षणापायी त्यांचा किती छळ केला, हे त्यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत सविस्तर लिहिले आहे. ज्या बायकांनी आयुष्यभर पुराणे ऐकली त्यांनाच सुनेच्या हातातील पुस्तक सहन होऊ नये, यातील विसंगती त्या वेळी त्यांच्या लक्षात आली नाही.

असो. छापखाना आला आणि चित्र पालटू लागले, मात्र एकदम नव्हे. शाईत चरबी असते या समजुतीने सोवळी मंडळी छापील पोथीस शिवत नसत. मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी तुपाची शाई करून पोथ्या छापल्या, आणि १८३१ साली छापील पंचांगही काढले. एवढी खबरदारी घेतल्यावर मग छापील ग्रंथ देवघराजवळ येऊन बसला. पोथीचा लांबट आकार आणि सुटी पाने मात्र छापखान्यानेही कायम ठेवली. ग्राहकाची नजर ओळखण्यात आपले जुने मुद्रक कमी नव्हते.

मुलांचे म्हणून छापलेले पुस्तक आपल्याकडे दोन ठिकाणांहून आले. पहिले ठिकाण पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात दूर दक्षिणेत तंजावरास सरफोजी महाराजांच्या छापखान्यात इसापच्या कथांचे मराठी पुस्तक ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने निघाले. दुसरे ठिकाण मुंबई. तेथे १८२२ साली शाळा व शाळांची पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली, आणि तिचे नेटिव्ह सेक्रेटरी सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ ही दोन पुस्तके दिली. १८३० साली ‘वेताळपंचविशी’ आली आणि त्याच वर्षी छत्रे वारले. वय अवघे बेचाळीस.

‘बाळमित्र’ हे मूळचे फ्रान्समधील बर्क्वँ या लेखकाचे. त्यावरून इंग्रजी, आणि इंग्रजीवरून मराठी. मराठी बालवाङ्मयाचा आरंभ भाषांतराने झाला याचे काही अभिमानी मंडळींना वैषम्य वाटते. आम्हांस वाटत नाही. पंचतंत्रातील कथा सहाव्या शतकात इराणात गेल्या, आठव्या शतकात ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत गेल्या, आणि तेथून युरोपभर पसरल्या. त्या वेळी कोणत्या युरोपीय आजीने त्या परक्या म्हणून नाकारल्या? छत्र्यांचे थोरपण असे की त्यांनी पुस्तक परके वाटू दिले नाही. मराठी गद्य त्या काळी बखरीत आणि पत्रांत होते; मुलाशी बोलावे तसे लिहिणे या भाषेला अजून सवयीचे नव्हते. ती सवय छत्र्यांनी लावली. इसापविषयी तर बोलावयासच नको. परंपरेनुसार तो एक ग्रीक गुलाम. पण मराठीत त्याच्या नावाला ‘नीति’ जोडली गेली आणि तो जणू पैठणचाच रहिवासी झाला. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, ही म्हण वापरताना ती समुद्रापलीकडून आली असे कोणाच्या मनातही येत नाही.

यानंतर १८५४ साली परशुरामपंत गोडबोले यांचा ‘नवनीत’ निघाला. मुक्तेश्वर, वामन, तुकाराम, रामदास, मोरोपंत अशा जुन्या कवींचे वेचे एकत्र करून केलेला हा संग्रह अनेक पिढ्यांनी शाळेत अभ्यासला. ज्याच्या घरात पोथीचे बासन नव्हते त्या मुलाच्याही हाती या पुस्तकाने जुनी कविता ठेवली, हे त्याचे उपकार मोठे आहेत. परंतु याच पुस्तकाबरोबर कवितेला परीक्षा आली. जी ओवी पूर्वी ऐकण्यासाठी होती तिचे आता अन्वय, समास आणि अर्थ विचारले जाऊ लागले. पाठांतर राहिले, श्रोते गेले. हा बदल आमच्या मते मराठी वाचनाच्या इतिहासातील फार मोठा बदल होय. छापखान्याच्या आगमनापेक्षाही मोठा. तरी कित्येक विद्यार्थी ‘नवनीता’तील वेचे परीक्षा संपल्यानंतर चाळीस वर्षांनी संध्याकाळी नातवंडांपुढे म्हणत, आणि तेव्हा ते वेचे पुन्हा आपल्या मूळ जागी येत.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१पासून अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणावयास घेतल्या, आणि पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनीही त्या कामास हात लावला. या पुस्तकाने घराघरांत चोरून वाचण्याची प्रथा सुरू केली असावी. ‘पांडवप्रताप’ सर्वांसमक्ष वाचता येई. सिंदबाद व अल्लाउद्दीन माळ्यावर बसून वाचावे लागत. त्यातही एकजण वाची आणि दोघे ऐकत, हे सांगणे न लगे.

मुलांच्या मासिकांची कथा विस्ताराने सांगण्याजोगी आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. सुंदर टाइप आणि शुद्ध छपाई यांसाठी तो पुढे हिंदुस्थानभर नावाजला. याच छापखान्याच्या आश्रयाने १८८१ साली ‘बालबोध’ मासिक सुरू झाले आणि त्याचे संपादक झाले विनायक कोंडदेव ओक. ओक रत्नागिरी जिल्ह्यातील हेदवीचे; जन्म १८४०चा; नोकरी शिक्षणखात्यात. १८८१पासून १९१४ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, त्यांनी हे मासिक चालविले. प्रत्येक अंकात एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एखादा शास्त्रीय विषय, असा त्यांचा शिरस्ता असे, आणि यातील बहुतेक मजकूर ते स्वतः लिहीत. चारशेच्या वर चरित्रे आणि तितक्याच कविता एका माणसाच्या लेखणीतून उतरल्या. हे वाङ्मय म्हणून कसे आहे? आज ते वाचताना उपदेश जरा जड वाटतो, हे खरे. पण कोकणातील एखाद्या खेड्यात, जेथे शाळेचे क्रमिक पुस्तक सोडून दुसरा छापील कागद नव्हता, तेथे टपालाने महिन्याला एक अंक येई आणि तो अंक एका मुलाचा राहत नसे. तो आळीभर फिरे. परत येई तेव्हा त्याचे कोपरे मऊ झालेले असत.

१९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ काढले. नावातच फरक दिसतो. पहिल्याने मुलांना बोध करावयाचा होता, दुसऱ्याला आनंद द्यावयाचा होता. आपट्यांनी ‘बालरामायण’, ‘बालभारत’ व ‘बालभागवत’ लिहून श्रीधरांचे काम गद्यात पुढे चालविले. पुढे गोपीनाथ तळवलकरांनी ‘आनंद’ची धुरा अनेक वर्षे वाहिली.

पण पुस्तक विकत घेण्याची ऐपत किती घरांत होती? फार थोड्या. म्हणून ग्रंथालयांचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८चे, म्हणजे ‘बाळमित्रा’च्याच वर्षीचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे. या आरंभीच्या संस्थांवर साहेबांची व इंग्रजी पुस्तकांची छाया होती. केवळ मराठी पुस्तकांचा संग्रह करावयाचा, या हेतूने १८९३ साली ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, आणि १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. ठाण्याच्या संस्थेच्या स्थापनेत ज्यांचा पुढाकार होता ते विनायक लक्ष्मण भावे म्हणजे वर उल्लेखिलेले, महानुभावांच्या लिपीची उकल करणाऱ्यांपैकी एक, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार भावे होत. संस्था निघाली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी याहून पुढचे पाऊल टाकले. १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञास बोलावून त्यांनी राज्यात ग्रंथालयांची साखळी उभी केली, आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी फुकट धाडण्याची व्यवस्था लावली. ‘श्रीसयाजी बालज्ञानमाला’ या नावाने मुलांसाठी मराठी व गुजराती पुस्तकेही निघाली. १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झालेलेच होते. सक्तीने शिकलेल्या मुलाला पुढे वाचावयास काय द्यावयाचे, याचाही विचार करणारा तो राजा होता.

आता ज्या पुस्तकाचे नाव सर्वांच्या ओठावर असते त्याकडे येऊ. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३मध्ये अवघ्या चार-पाच दिवसांत लिहून काढले. ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. हे पुस्तक वाचून रडलेल्यांची संख्या मोठी आहे, आणि या रडण्याची टिंगल करणारेही आहेत. दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटते. या पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. दिवसाची कामे आटोपल्यावर आश्रमातील मित्र जमतात, श्याम सांगतो आणि ते ऐकतात; अशा बेचाळीस रात्री. म्हणजे रचना पोथीची आहे. एक वाचक, अनेक श्रोते, रोज एक अध्याय. छापील पुस्तक एकट्याने वाचण्याच्या काळात लिहूनही गुरुजींनी ते श्रवणाच्या साच्यात बसविले, आणि म्हणूनच ते मोठ्याने वाचून दाखविण्यास इतके सोयीचे झाले. त्यांची ही जुनीच सवय होती. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढीत.

‘श्यामची आई’तील दोन रात्री या लेखाच्या विषयाशी लागून आहेत. एकीत मोठे होण्यासाठी पुस्तके वाचावीत व पुस्तकांसाठी पैसे हवेत, म्हणून श्याम घरी आलेल्या पाहुण्याचे पैसे चोरतो. पुस्तकांची भूक आणि घरातील दारिद्र्य यांची इतकी खरी हकिकत मराठीत फार नाही. दुसऱ्या रात्रीत मोळीच्या भाराने वाकलेल्या एका महार वृद्धेला हात देण्यास आई श्यामला सांगते. ही दुसरी रात्र लिहिणारा माणूस मे १९४७मध्ये पंढरपुरास विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणास बसला, आणि मंदिर खुले झाले. ज्या पंढरपुरात श्रीधरांच्या पोथ्या रचल्या गेल्या, ज्या दारात चोखोबांची समाधी आहे, तेथे ‘भक्तविजय’ पुरा झाल्यानंतर १८५ वर्षांनी चोखोबांचे वारस आत जाऊ शकले. एवढा काळ ती कथा लोक भक्तिभावाने ऐकतच होते.

त्यानंतरचा काळ बहुतेकांच्या स्मरणातील आहे, म्हणून तो थोडक्यात आटोपतो. १९५१ साली भा. रा. भागवतांनी मुलांचे मासिक काढले आणि त्याचे नाव ‘बालमित्र’ ठेवले. छत्र्यांनंतर १२३ वर्षांनी तेच नाव. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठी मुलांच्या हाती दिल्या आणि फास्टर फेणे हा पुण्याचा खोडकर मुलगा स्वतः घडविला. ‘चांदोबा’ मराठीत १९५२ साली आला. १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ म्हणजे बालभारती स्थापन झाली आणि तिने नोव्हेंबर १९७१मध्ये ‘किशोर’ सुरू केले. हे सरकारी मासिक असून मुलांना आवडले, ही सरकारी कामातील दुर्मिळ घटना होय.

आता आपल्या घरांविषयी. मुलांची पुस्तके इतिहासात सर्वांत कमी टिकतात, आणि त्याचे कारण ती वाचली जातात हेच आहे. धर्मशास्त्राची पोथी तीनशे वर्षे कोरी राहते; ‘बालबोधा’चा अंक तीन महिन्यांत फाटतो. शंकर गणेश दाते यांनी १८००पासून १९५०पर्यंतच्या मराठी ग्रंथांची जी प्रचंड सूची केली, ती चाळताना मुलांच्या पुस्तकांची पाने आम्ही अधिक वेळ पाहतो. कितीतरी नावे अशी की ती पुस्तके आज ग्रंथालयाच्या कपाटातही मिळत नाहीत. ती जर कोठे असतील तर आपल्या माळ्यांवर, जुन्या ट्रंकांत, आणि वडीलधारी माणूस गेल्यावर तेराव्यानंतर घर आवरताना रद्दीसाठी बाजूला काढलेल्या गठ्ठ्यांत असतील. तो गठ्ठा बांधण्यापूर्वी उघडून पाहावा, इतकीच आमची विनंती आहे. जुने लेखक पोथी नकलून झाल्यावर शेवटी शक, तिथी, गाव व आपले नाव लिहीत. आणि पाणी, तेल, सैल बांधणी व मूर्खाचा हात यांपासून पोथीचे रक्षण करा, अशी वाचकास विनवणी करीत. छापील पुस्तकात ही जागा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस असते. तेथे बक्षीस मिळाल्याचा शिक्का, मुलीच्या वळणदार अक्षरातील नाव, किंवा कोणत्या वर्षी कोणी वाचून दाखविले याची टीप सापडते.

अशा नोंदी ज्यांच्या घरी असतील त्यांनी पुस्तकाचे नाव, छापल्याचे वर्ष, आतील हस्ताक्षरातील मजकूर आणि ते पुस्तक घरात कोण कोणास वाचून दाखवीत असे, एवढे चार ओळींत लिहून मंडळाच्या चिटणिसांकडे धाडावे. पुस्तक धाडू नये. ते घरीच राहू द्यावे. पोथ्या असल्यास त्यांच्या शेवटच्या पानावरील मजकूर जसाच्या तसा, अशुद्ध असला तरी न सुधारता, उतरून घ्यावा. ज्या आज्यांना अजून ‘हरिविजया’तील अध्याय तोंडपाठ आहेत त्यांची नावे सर्वांत आधी कळवावीत, कारण त्या कामास सवड थोडी आहे.